शब्दचर्चा: आईवडिलांवाचून आश्रय मागायला आलेल्या मुलांना काय म्हणावं?

नमस्कार. आईवडिलांवाचून परक्या देशात पोहोचलेल्या आणि तिथे आश्रय मागणाऱ्या मुलांना ठेवून घेणाऱ्या कुटुंबांसाठी एक पुस्तिका आहे, तिचं मराठी करते आहे. पहिल्याच ओळीत ‘अनअकम्पनीड मायनर’पाशी अडले. कुणी ‘बेवारस’ सुचवलं. तो शब्द आपण सामानाला आणि मृतदेहाला लावतो, मुलाला लावायला माझा हात धजत नाही. ‘अनाथ’, ‘पोरका’ म्हणावं तर यांतल्या कित्येकांचे आईवडील हयात असतात. पुस्तिकेतला मुलगा सोळा वर्षांचा आहे. आई फोनवर ‘जेवलास का?’ विचारते, तो ‘हो, मजेत आहे’ म्हणतो आणि मग बूट उशाशी ठेवून, दिवा न मालवता झोपतो. त्याला ‘एकाकी’ म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद:
‘एकाकी’ नको. एकटा ही स्थिती, एकाकी ही भावना आणि एकलकोंडा हा स्वभाव. मूल दारात आल्याआल्या त्याला एकाकी म्हटलं, की त्याला न विचारताच त्याच्या मनाचं निदान करून मोकळे झालो आपण. स्वीडिशमध्ये या मुलांना ‘एन्सामकोमांदे’ म्हणतात, म्हणजे एकटे येणारे. २०१५ साली तिथे अशी सुमारे ३५,००० मुलं आली, बरीचशी अफगाणिस्तानातून, आणि हा शब्द रोजच्या बातम्यांत आला. पण त्यातल्या ‘एन्साम’चे एकटा आणि एकाकी असे दोन्ही अर्थ होतात. मराठीत ते वेगळे आहेत, तर वेगळेच ठेवू या. फ्रान्सनेही २०१६ मध्ये सरकारी भाषेतला ‘एकाकी पडलेले’ अशा छटेचा शब्द सोडून ‘सोबत नसलेले’ हा घेतला.

‘विनापालक’ही टाळा. मराठीत पालक म्हणजे आईबाप आणि कायद्याने नेमलेली व्यक्तीसुद्धा. इटलीच्या २०१७च्या कायद्यानुसार साधे नागरिक प्रशिक्षण घेऊन अशा मुलांचे पालक होऊ शकतात. पालक नेमला गेल्यावर ते मूल ‘विनापालक’ राहत नाही, आई मात्र दूरच असते.

माझा कौल ‘सोबतीविना आलेली मुलं’ याला. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ मध्ये दोन गट वेगळे केले आहेत: ज्यांच्याबरोबर जबाबदार असं कुणीच मोठं माणूस नाही ती मुलं, आणि आईवडिलांपासून तुटलेली पण कदाचित काका-मामाबरोबर असलेली मुलं. दुसऱ्या गटासाठी आपल्याकडे ‘ताटातूट झालेली’ हा तयार शब्द आहे. ‘विभक्त’ म्हटलं की वाचकाला घटस्फोट आठवेल.

प्रतिसाद:
एक भर घालतो. ‘निर्वासित’ आणि ‘आश्रयार्थी’ यांची सरमिसळ करू नका. निर्वासित या शब्दात माणसावर काय गुदरलं ते आहे, आश्रयार्थीत तो काय मागतोय ते आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत कायद्याच्या लेखी तो आश्रयार्थीच. ‘शरणार्थी’ची बांधणी तशीच असली तरी मराठी कानाला ‘शरण जाणे’ आधी ऐकू येतं, आणि ही मुलं हार मानून आलेली नसतात.

मूळ प्रश्नकर्ती:
पटलं. ‘सोबतीविना आलेली’ घेते. आता पुढची अडचण, ‘ट्रॉमा’. सगळीकडे ‘आघात’ लिहून पाहिलं, पण मजकूर कोरडा वाटतो.

प्रतिसाद:
कारण आघात एकदा होतो. या मुलांचं दुखणं एका घटनेत मावत नाही. मायदेशी आणि वाटेत जे पाहिलं त्याचा ‘धसका’ बसतो: दार आपटलं की अंग दचकतं, डोळा लागत नाही. मागे राहिलेल्या माणसांचा ‘जिवाला घोर’ लागतो. वडिलांचा पत्ताच नसेल तर शोक तरी कसा करायचा? अशा अर्धवट वियोगाला पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वेगळं नाव दिलं. मी त्याला ‘अधांतरी वियोग’ म्हणेन. आणि तिसरं म्हणजे निकालाची वाट पाहताना ‘जीव टांगणीला’ लागणं. हे पोहोचल्यानंतर घडतं, सुरक्षित देशात घडतं, म्हणून यजमान कुटुंबाला ते कळायलाच हवं. ‘इथे आलास, आता कसली भीती?’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी त्या मुलाला फार लांब लोटतं. तीन दुखणी आहेत, तिन्हींना ‘आघात’ म्हणू नका. डॉक्टरांच्या निदानाचा उल्लेख असेल तिथेच तो ठेवा.

मुलगा खरंच अठराच्या आत आहे का हे पाहायला होणाऱ्या वयाच्या तपासणीला ‘वयनिश्चिती’ लिहिणार असाल तर तेही तपासा. मनगटाच्या हाडांच्या किंवा दातांच्या एक्स-रेवरून नेमकं वय सांगता येत नाही, एकदोन वर्षांचा फरक सहज पडतो. आणि त्या एकदोन वर्षांवरच त्याची खोली, शाळा, पालक, सगळं अवलंबून असतं. ‘वयाचा अंदाज’ म्हणा.

प्रतिसाद:
‘केअर’चं काय केलंत? ‘देखभाल’ इमारतीची होते, ‘संगोपन’ तान्ह्याचं.

मूळ प्रश्नकर्ती:
‘काळजी’च ठेवलं आहे, आणि त्या एका शब्दाने मला फार दिलं. काळजी घेणं आणि काळजी करणं. जेवण, दवाखाना, वकील, शाळा ही काळजी घेणारी बरीच माणसं या मुलांभोवती असतात. उशीर झाला तर खिडकीशी येऊन उभं राहणारं, म्हणजे काळजी करणारं माणूस हजारो मैलांवर असतं. पुस्तिकेत ‘त्याची चांगली केअर घ्या’ अशा अर्थाचं वाक्य आहे. मी लिहिलं: ‘त्याची काळजी घ्या, आणि तुम्हाला त्याची काळजी वाटते हे त्याला कळू द्या.’ मुळापेक्षा लांब झालं, पण मी ते कापणार नाही.

आता ‘सज्ञान’ राहिला. अठरावा वाढदिवस जवळ आला की ही मुलं धास्तावतात, कारण मूल म्हणून मिळणारं संरक्षण त्या दिवशी संपू शकतं. त्या प्रकरणाचं शीर्षक ‘सज्ञान झाल्यावर’ असं लिहून खोडलं. जो पोर एकट्याने इतक्या सीमा ओलांडून आला त्याला कालपर्यंत ‘अज्ञान’ म्हणायचं कसं? सध्या ‘अठरा पूर्ण होताना’ ठेवलं आहे. कुणाला याहून बरं सुचत असेल तर रविवारपर्यंत कळवा, सोमवारी मजकूर द्यायचा आहे.