'नुसते बसणे' पत्रकात कसे लिहावे?

उपवनकर
घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत शनिवारी सकाळी काही जण क्लबहाऊसमध्ये झेन या बौद्ध पंथाच्या पद्धतीने बसतात. गुरू-बिरू कोणी नाही. एक गृहस्थ कोडाईकनालजवळच्या बोधी झेंडो या झेन केंद्रात राहून आलेत, ते घंटा वाजवतात आणि वेळ बघतात, एवढंच. एक उदबत्ती जळून होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसायचं, मग थोडं हळूहळू चालायचं, पुन्हा बसायचं. कमिटीचं म्हणणं पडलं की पत्रक इंग्रजीत आहे तसं मराठीतही लावा. ते काम माझ्या गळ्यात आलं.

अडलंय एका शब्दावर. झेनच्या सोतो शाखेत या बसण्याला 'शिकान्ताझा' म्हणतात. जप नाही, डोळ्यांपुढे मूर्ती आणायची नाही, श्वासही मोजायचा नाही. बसायचं म्हणजे बसायचं. मी लिहिलं 'नुसते बसणे'. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "नुसतं बसायला क्लबहाऊस कशाला लागतं? तुझा मामा रिटायर झाल्यापासून तेच करतोय."

'ध्यान' टाळतोय, कारण ध्यान म्हटलं की 'कशाचं?' हा प्रश्न आलाच. दुसरं काही सुचतंय का? मंगळवारपर्यंत द्यायचंय.

जुना_ठाणेकर
झेनच्या पत्रकात ध्यान टाळताय, ही गंमतच झाली. झेन म्हणजे ध्यानच, लांबून फिरून आलेलं. संस्कृतात ध्यान, पालीत झान, प्राकृतात झाण. चिन्यांनी त्याचं 'चान-ना' केलं, पुढे 'ना' गळला आणि चान उरला, तोच जपानात झेन. 'ध्य'चा 'झ' किंवा 'ज' होणं आपल्याला काही नवीन नाही: वंध्येची वांझ झाली, संध्येची सांज, मध्यगृहाचं माजघर. ध्यान हा शब्द आपण संस्कृतातून जसाच्या तसा परत उचलला म्हणून, नाहीतर आज आपणही झाणच म्हणत असतो. बेलाशक 'ध्यान' लिहा.

माजिवडेकर
माजघर जर मध्यावरून, तर आमचा माजिवडाही त्यातलाच का हो?

जुना_ठाणेकर
गावांच्या नावांचं इतकं सरळ नसतं. जुन्या ठाण्याच्या हिशेबात माजिवडा मध्यावर नव्हता, वेशीबाहेर होता.

शेवंती_ऐरोली
ध्यान लिहिलंत तर आमच्या घरी तरी हसतील. आमच्या सासूबाई भाच्याने केस रंगवून आणले की 'काय ध्यान आलंय बघा' म्हणतात. आता शनिवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये ओळीने सगळी ध्यानं भिंतीकडे तोंड करून बसलेली डोळ्यांसमोर आणा.

जुना_ठाणेकर
ते ध्यान 'रूप' या अर्थाचं. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' म्हणताना तुकोबांना डोळे मिटून बसणं अभिप्रेत नाही, समोर दिसणारी मूर्ती अभिप्रेत आहे. रूपावरून कौतुक, कौतुकावरून टवाळी, असा तो प्रवास.

शेवंती_ऐरोली
काका, शेवटची उडी तुमच्या मनची आहे. पुरावा?

जुना_ठाणेकर
टवाळीला कसला पुरावा मागता.

नेरुळचा_बंड्या
एवढा काथ्याकूट कशाला? 'झेन बैठक' लिहा. झाझेन शब्दाचा अर्थही तोच, बसून केलेलं झेन. बैठकीला वजन आहे. गाण्याची बैठक असते, पैलवानाच्या जोर-बैठका असतात, अभ्यासाला बैठक लागते.

शेवंती_ऐरोली
नेरुळला राहून असं कसं म्हणता? ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्यात 'बैठकीला चाललेय' म्हणजे श्रीसदस्यांच्या बैठकीला, दासबोधाच्या निरूपणाला. दुसरा अर्थ डोक्यातच येत नाही. आमच्या मजल्यावरच्या दोन बायका वेळ विचारायला येतील, आणि आत जपानी घंटा ऐकून परत जातील.

रात्रपाळी
आणि आमच्या टीममध्ये 'शुक्रवारी बसायचंय' म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, चकणा कोण आणणार. उपवनकर, 'नुसते बसणे' लिहून खाली 'शनिवारी' टाकलंत तर पोरं ग्लास घेऊन येतील. 'झाझेन' लिहाल तर वॉचमन 'झोपेन' वाचेल. तसं पाहिलं तर तो सगळ्यात प्रामाणिक अनुवाद आहे.

कोपरीकर
बैठक हिंदी आहे. मराठी क्रियापद बसणे, मग नाम 'बसका' किंवा 'बसण'. उगाच हिंदीची उसनवारी नको.

जुना_ठाणेकर
कोपरीकर, दोन्ही एकाच घरची. उपविशति वरून बसणे आणि उपविष्ट वरून बैठ. बैठकीला परकी म्हणाल तर बसण्यालाही उठवावं लागेल. आणि 'घशाला बसका बसला' याखेरीज बसका कधी ऐकलाय का तुम्ही?

कोपरीकर
मुद्दा व्युत्पत्तीचा नाही, वळणाचा आहे. आज 'बैठक' चालवा, उद्या 'बैठिये' चालेल. ठाण्यात रिक्षावाल्याशी मराठीत बोलायचं म्हटलं तरी आपणच आधी हिंदीत सुरू करतो, त्याचं कारण हेच.

रात्रपाळी
आला. कुठलाही धागा असो, दहाव्या प्रतिसादापर्यंत रिक्षावाला येतोच.

पाटीपेन्सिल
मी चरईत प्राथमिक शाळेत शिकवत होते. वर्गात गोंगाट झाला की आम्ही म्हणायचो, 'स्वस्थ बसा.' हाताची घडी, तोंडावर बोट. स्व अधिक स्थ, आपल्या जागी असलेला. उपवनकर, तुम्हाला हवं ते या शब्दात जवळजवळ सगळं आहे. काही करायचं नाही, पण आळसही नाही. आणि पहिलीतल्या मुलालाही कळतो. 'स्वस्थ बसणे' लिहा.

उपवनकर
बाई, हा आवडला. आईलाही पटेल असं वाटतं.

नेरुळचा_बंड्या
पण 'आम्ही स्वस्थ बसणार नाही' हे रोज पेपरात वाचतो आपण. तिथे स्वस्थ बसणं म्हणजे हातावर हात ठेवून अन्याय बघणं. शिवाय नव्या पोरांना स्वस्थ म्हणजे तब्येतीने ठणठणीत, हिंदीतला. पत्रक वाचून बीपी तपासणी शिबिर आहे असं वाटेल.

कोपरीकर
बघा! हिंदीने तोही खाल्ला. मी हेच सांगत होतो.

माजिवडेकर
'निवांत' कसा? निवात म्हणजे जिथे वारा नाही ते. गीतेत सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवाऱ्यातल्या न हलणाऱ्या दिव्याची उपमा आहे, तिथे शब्द 'निवातस्थ' असाच आहे. त्यावर अनुस्वार चढला की निवांत. आमच्या वडिलांची ही लाडकी व्युत्पत्ती.

चौथी_सीट
व्युत्पत्ती सुरेख आहे, पण शब्द चालणार नाही. निवांत म्हटलं की माणूस आधी टेकतो आणि मग चहा मागतो. झाझेनमध्ये पाठ ताठ, हनुवटी किंचित आत, डावा तळवा उजव्या तळव्यावर, अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली, डोळे अर्धे उघडे. पंधराव्या मिनिटाला गुडघा बोंबलायला लागतो. त्याला निवांत म्हणणं म्हणजे फसवणूक.

मी रोज ट्रान्स-हार्बर लोकलने जातो, आणि खरं सांगू का, सकाळच्या गर्दीत चौथी सीट मिळाली की झाझेनची बरीच तयारी आपोआप होते. निम्मं अंग बाकावर, निम्मं पॅसेजमध्ये, बॅग छातीशी, एक पाय रोवलेला. टेकता येत नाही, त्यामुळे कणा सरळ. मग मनात उठतं, या तिसऱ्याने दोन बोटं सरकायला काय होतंय. ते उठलेलं बघायचं आणि तिसऱ्याला शिव्या न देता तसंच बसून राहायचं. तोवर रबाळे येतं, कोणीतरी गुडघा घासून जातं, पुन्हा पहिल्यापासून. ॲप लावून कानात समुद्राच्या लाटा ऐकण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. लाटा ऐकायच्या तर सरळ गाडी सोडून वाशीच्या खाडीवर जावं.

तेव्हा माझ्या मते तुमचा अडलेला शब्द दुय्यम आहे. पत्रकात हे रोजच्या कामात कसं उतरतं याबद्दल एक ओळ असेलच. ती कशी लिहिली आहे?

उपवनकर
आहे ना. इंग्रजीत 'भांडी घासतानाही साधना' अशा अर्थाचं वाक्य आहे. मी तेच ठेवलंय.

शेवंती_ऐरोली
हे वाक्य लिहिणाऱ्याकडे भांड्यांना बाई आहे, पैज लावते. जिला रोज दोन घरची आणि शिवाय स्वतःची भांडी घासायची असतात तिला जाऊन सांगा, ताई, ही साधना आहे.

चौथी_सीट
शेवंतीताई, राग रास्त आहे, पण ही कल्पना पत्रकवाल्यांची नाही, बरीच जुनी आहे. जपानात सोतो परंपरा रुजवणारा भिक्षू दोगेन १२२३ साली चीनला गेला तेव्हा जहाज बंदरातच उभं होतं. एका मठाचा स्वयंपाकी अळंबी घ्यायला जहाजावर आला, साठी उलटलेला म्हातारा. दोगेन म्हणाला, आज राहा, बोलू. या वयात स्वयंपाक कसला करता, बसा, ग्रंथ वाचा. म्हातारा हसला. म्हणाला, परदेशी मित्रा, साधना म्हणजे काय ते तुला अजून उमगलेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण करायचं होतं म्हणून चालत परत गेला. तो ज्या डोंगरावरून आला होता त्याचं नाव आयुवांग, म्हणजे अशोक राजा. आपल्या सोपाऱ्याला ज्याचे शिलालेख सापडले तोच अशोक. पुढे १२३७ साली दोगेनने मठाच्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहिल्या. तांदूळ निवडताना खड्यांवर लक्ष ठेव, खडे काढताना तांदळावर, इतक्या बारीक.

शेवंती_ऐरोली
गोष्ट छान आहे. तांदूळ निवडणं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. सूप मांडीवर, उजेड डाव्या बाजूने, खडा बोटाला लागला की नजर नंतर जाते. माझ्या आजीइतकं लक्ष देऊन तांदूळ निवडणारा मठात तरी कोणी असेल का, शंका आहे. तिला कोणी साधक म्हटलं नाही, 'बायकांची कामं' म्हटलं. तुमच्या त्या स्वयंपाक्याला मठात मान होता की नाही?

चौथी_सीट
होता. मठाच्या सहा प्रमुख अधिकाऱ्यांपैकी एक.

शेवंती_ऐरोली
मग झालं. आधी अधिकारी करा, मग साधना म्हणा.

कोपरीकर
मठातल्या या कामाला जपानीत 'सामू' म्हणतात ना? त्याला आपला 'श्रमदान' चांगला आहे.

चौथी_सीट
दान कोणाला? बाईझांग नावाच्या चिनी आचार्यांच्या शिष्यांनी त्यांची अवजारं लपवली, म्हाताऱ्याने आता शेतात राबू नये म्हणून. तर ते जेवायलाच बसले नाहीत. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही. यात दानाचा संबंध नाही, आणि श्रमदान म्हटलं की मला फोटो काढण्यापुरता झाडू धरलेली माणसं दिसतात.

पाटीपेन्सिल
तुम्ही सगळे 'साधना' म्हणताय तोही शब्द मला जड वाटतो. साधायचं काय त्यात? 'सराव' म्हटलं तर पुढे परीक्षा आली, 'रियाज' म्हटलं तर मैफल. माझी आई म्हणायची 'नेम'. रोज तुळशीला पाणी घालायचा नेम, संध्याकाळी शतपावलीचा नेम. झाला तर झाला, त्याचं बक्षीस नाही, पण चुकला तर चुकल्यासारखं वाटतं. नियमाचाच नेम, पण हा आपला आपण लावून घेतलेला असतो.

रात्रपाळी
आणि 'पावसाचा काही नेम नाही' मधलाही तोच ना? मग माझा शनिवारचा नेम म्हणजे, येईन याचा काही नेम नाही.

माजिवडेकर
बाईंनी शतपावली म्हटलं म्हणून. दोन बैठकांच्या मध्ये जे हळू चालतात त्याला 'शतपावली' लिहिता येईल का?

चौथी_सीट
किन्हिन. श्वासागणिक अर्धं पाऊल. ज्या चिनी अक्षरांनी तो शब्द लिहितात, ती बौद्ध ग्रंथांतल्या 'चंक्रम'साठी योजलेली होती. म्हणजे आपलंच चंक्रमण. शतपावली जेवण पचवायला असते.

कोपरीकर
चंक्रमण! हा घ्या. शुद्ध, नेमका, आपला.

शेवंती_ऐरोली
आणि क्लबहाऊसमध्ये तो कळेल किती जणांना? तुम्हाला आणि काकांना.

जुना_ठाणेकर
मलाही शोधावा लागला असता. जाता जाता एक. झेनचा झ झाडातला म्हणावा, झेंड्यातला नव्हे. जपानी उच्चार त्यालाच जवळचा. बातम्यांत हमखास झेंड्यातला ऐकू येतो.

नेरुळचा_बंड्या
'ए'च्या आधी झाडातला झ मराठी जिभेला जड जातो, काका. लोक झेंड्याचाच म्हणणार.

उपवनकर
मंडळी, पत्रक गेलं. वर 'झेन' आणि खाली 'स्वस्थ बसण्याचा शनिवारचा नेम' असं लिहिलं होतं. चेअरमन म्हणाले, मेडिटेशन असं स्पष्ट लिहा, लोकांना कळलं पाहिजे. तर वर मेडिटेशन आलंय आणि माझी ओळ कंसात गेली आहे. भांड्यांचं वाक्य काढलं.

आता दुसरी अडचण. बसायला 'झाफू' लागतात, कापूस किंवा टरफलं भरलेली गोल, जाड उशी. टेंभीनाक्याजवळच्या गादीवाल्याकडे शिवून घ्यायच्यात. त्याला काय म्हणून सांगू? 'गोल उशी' म्हटलं तर त्याने लहान मुलाची मोहरीची उशी दाखवली.

पाटीपेन्सिल
गिर्दी. आमच्या लहानपणी घरोघरी असायची. लोड लांब, गिर्दी गोल, तक्क्या पाठीला.

नेरुळचा_बंड्या
तक्क्या पाठीला? आमच्याकडे तक्क्या म्हणजेच लोड. आणि गिर्दी चपटी असते हो, तिच्यावर कोणी बसत नाही, कोपर टेकवतात.

पाटीपेन्सिल
तुमच्याकडे म्हणजे कुठे? मूळ गाव सांगा, मग बोलू.