टीवायला जर्नलिझम घ्यावं की ॲड? स्पोर्ट्समध्ये जायचंय

परळ_ईस्ट:
नमस्कार मंडळी. एसवाय बीएएमएमसी संपतंय आता (जुन्या लोकांसाठी, हे म्हणजे तुमचं मास मीडियाचं बीएमएमच, २०१९ ला नाव बदललं, बाकी कॅन्टीन वगैरे सगळं तेच). टीवायला जर्नलिझम की ॲडव्हर्टायझिंग ते ठरवायचंय आणि घरात रोज त्यावरून वाजतंय. मला स्पोर्ट्स जर्नलिस्ट व्हायचंय, लहानपणापासून कबड्डी बघतेय, आमच्या इथल्या मंडळाच्या स्पर्धेला बाबा खांद्यावर बसवून न्यायचे, आणि आता तेच बाबा म्हणतायत की पेपरात काही राहिलं नाही, ॲड घे, पीआरमध्ये (जनसंपर्कात) जा. एक सीनियर म्हणते बाहेर जाऊन स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशनमध्ये मास्टर्स कर. हा शब्द मला धड कळलेला पण नाही, म्हणजे पीआरच ना? की वेगळं काही? आणि मराठीत स्पोर्ट्स लिहून पोट भरतं का हो? खरं सांगा, गोड बोलू नका.

डेस्कवरचा:
गोड बोलायची सवय नाहीच, चौदा वर्षं क्रीडा डेस्कवर काढली आहेत. पहिली गोष्ट, तुझ्या डोक्यात जे आहे ना, प्रेस बॉक्स, वानखेडे, गळ्यात कार्ड, ते काम एकूण कामाच्या दहा टक्के पण नसतं. बाकी काय असतं तर संध्याकाळी चारला यायचं, पीटीआय वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी उघडायची, मराठीत करायची, पान लावायचं. आणि डाक आवृत्ती लवकर सुटते, त्यामुळे रात्रीच्या मॅचचा निकाल गावाकडच्या वाचकाला दुसऱ्या दिवशी छापून मिळतच नाही, त्याला अर्धवट मॅचची बातमी जाते आणि तो कधीच मोबाईलवर निकाल बघून बसलेला असतो. शहर आवृत्तीसाठी मॅच संपल्यावर वीस मिनिटं मिळाली तर नशीब. एकदा सुपर ओव्हर झाली आणि माझी शेवटची लोकल गेली, सीएसएमटीच्या बाकावर झोपलोय. ज्या पेपरात होतो त्याचं नाव नको, पण टॅक्सीचं बिल मागितलं तर अकाउंटवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच सुपर ओव्हर टाकली होती.

एवढं असून सांगतो, जर्नलिझम घे. कारण मराठीत ज्या खेळांची जाण आपल्याला आहे ती दुसऱ्यांना नाही. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या, दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. तो खेळ नीट समजून लिहिणारी माणसं कुठल्या भाषेत सापडणार? आणि कबड्डीत लोण म्हणजे काय, बोनस कधी मिळतो हे तुला शिकवावं लागणार नाही, खांद्यावर बसून शिकलीयस तू. वि. वि. करमरकरांनी मराठी पेपरात खेळाला स्वतःचं पान मिळवून दिलं, त्याआधी खेळाची बातमी उरलेल्या जागेत जायची. आणि द्वारकानाथ संझगिरी तर महापालिकेत सिव्हिल इंजिनियर होते. म्हणजे टीवायला कुठला स्पेशल घेतला यावर कुणी अडलेलं नाही.

फक्त एक कर, इंग्रजी कॉपी मराठीत ‘उतरवणारी’ होऊ नकोस. ‘त्याने सामना विजयी फटक्याने संपुष्टात आणला’ असलं वाचलं की मला अजून ॲसिडिटी होते.

बटाटावडा_एक्सप्रेस:
यूट्यूब चॅनल काढ, डिग्री कशाला. एवढंच.

पीआरवाली_ताई:
वडेवाल्या, चॅनल काढून तरी बोलायचं काय ते यावं लागतं ना.

@परळ_ईस्ट, मी बीएमएम ॲडच्या बॅचची, आधी एजन्सी, आता एका लीग टीमचं कम्युनिकेशन बघते. पीआर आणि स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन एकच नाही गं. पीआर हा त्यातला एक तुकडा. संस्थेला नक्की काय साधायचंय, ते कोणाला सांगायचं, कोणाच्या तोंडून, कधी, कुठे, आणि सांगून उपयोग झाला का हे मोजायचं कसं, हे सगळं आधी बसून ठरवणं म्हणजे ते. प्रेस नोट शेवटी येते. पुष्कळ लोक प्रेस नोटपासून सुरू करतात आणि मग आपटतात.

आपटणं कसं असतं बघायचं तर २०१८ चं केपटाऊन बघ. ऑस्ट्रेलियाचं बॉल टॅम्परिंग, म्हणजे बॉल मुद्दाम खरवडणं, कॅमेऱ्यात पकडलं, त्याच संध्याकाळी कॅप्टन स्मिथ आणि बॅनक्रॉफ्ट प्रेससमोर बसले, कबूल केलं, आणि वापरलं काय तर म्हणे चिकटपट्टी. पुढे निघाला सँडपेपर. म्हणजे माफी मागतानाच अर्धं खोटं. स्मिथ-वॉर्नर बारा महिने बाहेर, बॅनक्रॉफ्ट नऊ, आणि बोर्डाचा मोठा स्पॉन्सर करार मोडून गेला. नियम मोडला त्याची शिक्षा व्हायचीच होती, पण त्या पट्टीने जे उरलंसुरलं होतं ते पण घालवलं. मी नवीन मुलांना ती प्रेस कॉन्फरन्स दोनदा बघायला लावते, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. खोलीत त्यांच्या बाजूला उभं राहून ‘थांबा, आधी सगळं खरं काय ते मला सांगा, मग बाहेर जा’ म्हणणारं माणूस पाहिजे होतं. ते माणूस म्हणजे मी. पगार बरा असतो, झोप कमी, मॅचच्या दिवशी फोन बाथरूममध्ये पण घेऊन जावा लागतो.

पण बाबांना एक सांग. हे काम चांगलं तोच करतो ज्याला बातमी कशी बनते ते माहितीय. त्यामुळे मी ॲडवाली असून सांगते, जर्नलिझम घे, दोन-तीन वर्षं रिपोर्टिंग कर, मग वाटलं तर इकडे ये. उलटं जमत नाही सहसा, एकदा टीमचा टी-शर्ट घातला की पत्रकार मित्र तुझ्यासमोर जपून बोलायला लागतात.

डेस्कवरचा:
ताई बरोबर आहेत, फक्त दोन्ही एकाच वेळी करू नकोस. आजकाल पोरं सकाळी खेळाडूचं इन्स्टा सांभाळतात आणि रात्री त्याच्यावरच बातमी लिहितात. वाचकाला कळत नाही असं त्यांना वाटतं.

स्कोअररकाका_आझाद:
उशिरा वाचलं. मी पत्रकार नाही, बँकेतून रिटायर झालो, शनिवार-रविवार मैदानावर स्कोअरिंग करतो. पत्रकार येतात आमच्याकडे, पूर्वी जास्त यायचे. आता पोरं वही मागतच नाहीत, फोटो काढून नेतात आणि संध्याकाळी फोन करून विचारतात काका हा आकडा तीन आहे की आठ.

बाळा, स्कोअरिंग शिक. बॅट्समनच्या धावा अधिक एक्स्ट्रा, आणि बोलरनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय, दोन्ही टोटल जुळली पाहिजे. नाही जुळली तर कोणीतरी कुठेतरी झोपलं होतं, बहुतेक वेळा तूच. हे करता करता मॅच आतून दिसायला लागते. पन्नास केले सगळे लिहितात, पण मधल्या अकरा डॉट बॉलमध्ये त्याला कुठल्या पोराने बांधून ठेवलं ते वहीत दिसतं, आणि खरी बातमी तिथे असते.

२०१६ ला कल्याणला शाळेच्या मॅचमध्ये प्रणव धनावडेने नाबाद १००९ केले, जगभर नाव झालं, आणि पोराने मारलेच होते, वाद नाही. पण स्कोअरकार्ड पूर्ण बघ, ३ बाद १४६५, आणि समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२. समोर कोण होतं, किती लहान पोरं होती, मैदान केवढं होतं, हे विचारायला दुसऱ्या दिवशी जे गेले ते पत्रकार. आणि हो, १९८८ ला सचिन-विनोदची ६६४ ची पार्टनरशिप आम्ही बघितली सांगणारे इतके भेटलेत की आझाद मैदान कमी पडेल. मी नव्हतो. मंगळवार-बुधवार होता, कॅशमध्ये बसलो होतो.

परळ_ईस्ट:
काका 😄 बाबा पण सांगतात ते होते म्हणून!!

जर्नलिझमचा फॉर्म भरते. बाबांना ताईंचा रिप्लाय वाचून दाखवला, काही बोलले नाहीत, पण ‘दोन-तीन वर्षं ना’ असं दोनदा विचारलं. काका, रविवारी आले तर वहीजवळ बसू द्याल का?

स्कोअररकाका_आझाद:
ये की. सीएसएमटीच्या भुयारी मार्गातून महापालिकेच्या बाजूला वर ये, मैदानात शीर, सांभाळून चाल, तिथे एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या पिचजवळ उभा असतो. सकाळी नऊच्या आत. टोपी, पाणी, शिसपेन्सिल. पेन आणू नकोस, खोडता येत नाही. वडिलांना पण घेऊन ये, ६६४ चं विचारायचंय.