आईची गोष्ट लोकप्रतिनिधींपुढे मांडायची का? मला तरी पटत नाहीये

अर्धीझोप:
आईच्या अल्झायमरला सहा वर्षं झाली. आमच्या काळजीवाहकांच्या गटातले चारपाच जण पुढच्या आठवड्यात एका लोकप्रतिनिधींना भेटणार आहेत. मागणी अगदी साधी आहे, घरी सांभाळणाऱ्याला वर्षातून काही दिवस मोकळे मिळावेत, तेवढ्यापुरती पेशंटची सोय सरकारने करावी. मला म्हणाले तू तुझी गोष्ट सांग, दोन मिनिटांत, आणि "जरा डिटेलमध्ये". डिटेल म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना कळलंच असेल.

लिहायला बसले आणि अडले. आई शिक्षिका होती, चारचौघांत पदर जरा सरकला तरी कासावीस व्हायची. आता अंघोळ घालताना मला म्हणते, "बाई, दार लावून घ्या." मी तिची मुलगी आहे हे विसरली, दार लावायचं नाही विसरली. आणि तेच दार मी अनोळखी लोकांसमोर उघडायचं? आकडे द्या, निवेदन द्या. आईला मध्ये आणू नका.

खवट:
असहमत. आकडे कमी पडलेत का आजवर? जागतिक आरोग्य संघटना म्हणते 2021 मध्ये जगात 5 कोटी 70 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होता, त्यातला 60 ते 70 टक्के अल्झायमर. घरचे लोक सरासरी दिवसाला 5 तास फुकट राबतात, आणि देखभालीच्या एकूण तासांपैकी 70 टक्के बायकांच्या वाट्याला. वाचून कुणाची झोप उडाली? निवेदनावर शिक्का बसतो आणि ते फायलीत जातं. तुम्ही दार लावून घेता म्हणूनच त्यांना वाटतं आत सगळं आलबेल आहे.

आणि हा आजार जगाला कळला तोच मुळी एका बाईच्या गोष्टीतून. 1901 साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात डॉ. अल्झायमरनी ऑगस्टे डेटरला प्रश्न विचारून तिची उत्तरं जशीच्या तशी उतरवून ठेवली, ती गेल्यावर 1906 मध्ये डॉक्टरांपुढे ती केस मांडली. तेव्हा कुणी म्हणालं असतं बाईला मध्ये आणू नका, तर?

अर्धीझोप:
पण तिला विचारलं होतं का कुणी? आज तिचं पूर्ण नाव, फोटो, सगळं जगभर आहे. हे तुमच्या बाजूचं उदाहरण कसं काय झालं?

साधासुधा:
गोष्टींनी काय होतं तेही बघा. 2014 मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे सेथ रोगन हा नट सासूच्या अल्झायमरबद्दल बोलला, एवढा मोठा नट, आणि समोर बहुतेक खुर्च्या रिकाम्या. त्यानेच नंतर जाहीरपणे राग काढला. तिथे आपल्यासारख्यांचं काय घेऊन बसलात.

खवट:
अर्धंच सांगताय. तिथे 2011 च्या सुरुवातीला अल्झायमरसाठी राष्ट्रीय योजनेचा कायदा झाला, संशोधनाचा सरकारी निधी तेव्हा 50 कोटी डॉलरच्या आत होता तो पुढे 3 अब्जांच्या वर गेला. ते एका भाषणाने झालं नाही हे मान्य, पण हजारो घरचे लोक वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिले म्हणून झालं.

तिसरीघंटा:
मी अशा भेटीला जाऊन आलेय म्हणून लिहिते. सासऱ्यांचं सगळं सांगितलं, डायपर, शिव्या, सगळं. समोरच्यांचे डोळे भरले, खांद्यावर हात ठेवला, फोटो काढला, संपलं. त्यांच्या सहाय्यकाने मात्र दारात विचारलं, तुम्ही सलग किती तास झोपता? म्हटलं दोन. आणि नोकरी? सोडली. वहीत त्याने एवढंच लिहून घेतलं. तेव्हा लक्षात आलं की सासऱ्यांची लाज मी उगाच खर्ची घातली, कामाचं होतं ते माझंच होतं. अर्धीझोप, तुझं नावच तुझी गोष्ट आहे बघ. आणि एकच मागणी कर. चार केल्या की एकही होत नाही (स्वानुभव).

अर्धीझोप:
पटतंय, पण माझी रात्र तिच्याशिवाय सांगू कशी? मी जागी का, तर ती शाळेला उशीर झाला म्हणून तीनला उठून कडी काढते. आली ना मध्ये.

विसरभोळा:
मला निदान होऊन दोन वर्षं झाली. टाइप मुलगी करतेय, शब्द माझे आहेत. तुम्ही सगळे आमच्याबद्दल भांडताय, आम्हाला विचारा की. सुरुवातीच्या काळात आम्ही बोलू शकतो, मी स्वतः जायला तयार आहे. पुढे मुलीने काय सांगायचं नाही त्याची यादी आत्ताच करून दिलीय, अंघोळ पहिल्या नंबरवर.

साधासुधा:
_/\_ यापुढे मी गप्प.

अर्धीझोप:
काका, आमच्याकडे ती वेळ निघून गेली. तरी आज दुपारी ती जरा शांत होती तेव्हा विचारलं, तुमच्याबद्दल वरच्या लोकांना सांगू का? बराच वेळ टॉवेलची घडी घालत बसली. मग म्हणाली, "थकलेल्या पगाराचं तेवढं सांगा. बाकी काही नको."

खवट:
म्हणजे होकारच की!

अर्धीझोप:
"बाकी काही नको" पण म्हणाली ती.