पहिली स्पोर्ट्स बाईक : कोणती घेतलीत, आणि पहिल्यांदा कुठे आडवी केलीत?

कोथरूडकरीण
काल संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले तर पार्किंगमध्ये आमच्या मजल्यावरचा मुलगा. यामाहाची नवी कोरी निळी आर१५, हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक आणि साहेब दोन्ही पायांच्या चवड्यांवर तरंगत. पुढचं चाक भिंतीला टेकलेलं, मागे चढ. गाडी मागे घ्यायची होती आणि ती तसूभर हलत नव्हती. मला बघून म्हणाला, "काकू, होईल, मी करतो." मी पिशवी खाली ठेवली, काही न बोलता मागची सीट धरली आणि ओढली. त्याचे कान लाल झालेले बघून एकदम २००९ साल आठवलं.

हिंजवडीतली पहिली नोकरी, लाल आर१५, तेव्हा लाखाच्या आसपास. घरचे म्हणत होते ॲक्टिव्हा घे. मी शोरूममध्ये गाडीवर बसले, आरशात स्वतःला बघितलं, डावा पाय मस्त टेकला आणि चेक फाडला. गाडी साइड स्टँडवर होती हे डोक्यातच आलं नाही. स्टँडवर ती डावीकडे कललेली असते, पाय टेकणारच की! सरळ उभी केल्यावर खरी उंची कळते, आणि ती मला नळ स्टॉपच्या सिग्नलला कळली. उजवा पाय टाकला तिथे रस्ता चार बोटं खाली होता. पाय शोधत राहिला, गाडी हळूहळू कलत गेली. ते दोन सेकंद मला अजून आठवतात, कारण त्या वेळात मी मागच्या पीएमटी बसमधली माणसं मोजू शकले असते. क्लच शाबूत, पुढच्या ब्रेकचा लिव्हर तुटला, इंडिकेटर गेला, फेअरिंगवर, म्हणजे बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणावर, वीतभर ओरखडा. एक काका स्कूटर थांबवून आले, गाडी उचलायला हात लावला आणि उचलता उचलता म्हणाले, "झेपत नाही तर घेता कशाला?"

मदत आणि अपमान एकाच फेरीत. पुणे.

तर सांगा तुमचं. आमच्या शेजाऱ्याला वाचायला देणार आहे.

घाटवेडा
हिरो होंडाची करिझ्मा. २००६, सेकंडहँड. कात्रजच्या जुन्या घाटात, बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर. वळणात वाळू दिसली, घाबरून पुढचा ब्रेक दाबला. बास. पुढचं चाक गेलं आणि मी गाडीच्या मागोमाग घसरत. ब्रेक वळणाआधी मारायचा असतो हे मला आदल्या दिवशी मित्राने सांगितलं होतं. ऐकलं होतं. डोक्याने ऐकलं होतं, बोटांनी नाही.

मिसळ_बिनरस्सा
नळ स्टॉप +१. तिथे आपलं एक स्मारक व्हायला हवं.

पाच_फूट_एक
कोथरूडकरीण, हात मिळवा. ही उंचीची गोष्ट कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. हल्लीच्या आर१५ ची सीट ८१५ मिमी आहे. नुसता आकडा वाचून काही कळत नाही, सीट पुढे किती अरुंद आहे त्यावर पाय पोचतो की नाही ठरतं. आणि दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असंही नाही. मी सिग्नलला थांबायच्या आधीच ठरवते, डावा. बूड थोडं डावीकडे सरकवायचं, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. ज्या बाजूला रस्ता उंच त्या बाजूचा पाय. आता हे आपोआप होतं, पण पहिला महिना मी सिग्नल लाल दिसला की रस्त्याचा उतार बघायचे, सिग्नल नाही.

मेकॅनिकच्या सांगण्यावरून मागच्या सस्पेन्शनच्या लिंक बदलून गाडी खाली करून घेतली होती. करू नका. गाडी खाली आली पण साइड स्टँड तेवढाच राहिला, त्यामुळे उभी केली की सरळच उभी राहायची. एकदा वाऱ्याने पडली. आणि सोसायटीचा स्पीडब्रेकर पोटाला घासायला लागला तो वेगळा. शेवटी जुन्या लिंक परत आणि जाड सोलचे बूट. सातशे रुपयांत प्रश्न मिटला.

येझदीआजोबा
आमच्या वेळी स्पोर्ट्स बाईक म्हणजे आरएक्स १००. १९८८ ला घेतली. ९८ सीसी, ११ ची पॉवर, आणि कोणाच्या बापाला ऐकायची नाही. त्याआधी मित्राच्या येझदीवर शिकलो. तिचा गिअर आणि किक एकाच दांडीला, आत दाबून वर फिरवायची की किक. नवख्या माणसाला गाडी चालू करायचीच परीक्षा! टू स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की गाडी मंदावते ते, नावालाच, दिवेघाट उतरताना नुसते ब्रेक गरम. पडलो कुठे विचाराल तर सदाशिव पेठेत, वाड्याच्या दारात, सासरेबुवांसमोर. लग्न ठरायच्या आधी. तरी ठरलं.

मिसळ_बिनरस्सा
आजोबा _/\_ सासरेबुवा काय म्हणाले ते सांगाच

ओंकार_नवा
नमस्कार सर्वांना. मला १८ झाली मागच्या महिन्यात. माझ्याकडे विदाउट गिअरचं लायसन्स आहे. पप्पा म्हणतात घे बाबा कुठलीतरी एक. मला केटीएमची आरसी ३९० पाहिजे. डायरेक्ट घेऊ का? इन्स्टावर सगळे म्हणतात चालवायला लागलं की येतं

घाटवेडा
इन्स्टावर पडल्याचे व्हिडिओ कोण टाकतं रे.

चाकणची_शिफ्ट
ओंकार, मी चाकणला कामाला, जवळजवळ सगळ्या गाड्यांवर बसून झालंय. ३९० ची ४३ ची पॉवर आहे, तिच्या धाकट्या आरसी २०० ची २५. कागदावर जवळजवळ पावणेदोन पट. पण तुझा पहिला महिना पॉवरमध्ये जाणारच नाही, तो जाणार कर्वे रोडला पहिल्या गिअरमध्ये. मोठा सिंगल सिलिंडर कमी आरपीएमला हिसके देतो, क्लच अर्धा धरून धरून डावा हात भरून येतो. नवीन माणूस हिसका बसला की घट्ट धरतो, घट्ट धरलं की ॲक्सिलरेटर अजून पिळला जातो. समोर पीएमटी. कळलं ना पुढचं?

हिसक्याच्या वेळी बोटं क्लचवर गेली पाहिजेत, ही सवय छोट्या गाडीवर स्वस्तात लागते. २०० घे, वर्षभर फिरव, विकताना फारसं नुकसान नाही. आणि ३९० कुठे पळून चालली नाही, इथंच बनते :)

ब्रेक संपला, जातो.

आठ_काढणारा
ओंकार आधी लायसन्सचं बघ. विदाउट गिअरवर गिअरची गाडी चालत नाही, नवीन लर्निंग काढावं लागेल. ६ महिने चालतं, ३० दिवस झाल्यावर टेस्ट. गाडीला पुढे मागे लाल एल. आणि लर्निंगवर मागे कोणी बसवायचं नाही, शिकवणारा सोडून, त्याच्याकडे गिअरचं लायसन्स पाहिजे. आमच्या मित्राने मैत्रिणीला "माझी इन्स्ट्रक्टर" म्हणून सांगितलं होतं हवालदाराला. हवालदार तिला म्हणाला मग मॅडम तुम्हीच चालवा आता. तिने खरंच चालवली. तो मागे बसला. अजून एकत्र आहेत.

मुद्दा राहिला. टेस्टला आठ काढायचा असतो, पाय टेकला की नापास. स्पोर्ट्स बाईकचं हँडल कमी वळतं, टाकीत आणि हँडलमध्ये अंगठा सापडतो. मी आदल्या रात्री एआरएआयच्या टेकडीखाली खडूने आठ काढून बावीस वेळा मारला, बावीस वेळा पाय टेकला. सकाळी मामाची स्प्लेंडर घेऊन गेलो. एका फटक्यात पास. इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, छान कंट्रोल आहे.

ओंकार_नवा
थँक्यू दादा. मामा नाहीये मला, काकांची प्लॅटिना चालेल का

आठ_काढणारा
पळेल! आणि सराव करताना नजर चाकाकडे नको, जिथे जायचंय तिथे. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबून. पुढच्या ब्रेकला हात लावलास की आडवा.

आई_आहे_मी
मधेच लिहिते, कुकर लावलाय. माझ्या मुलाचंही हेच चाललं होतं दोन वर्षांपूर्वी. त्याला म्हटलं गाडी तुझ्या पैशाने, पण आधी हेल्मेट आणि ग्लोव्हज माझ्या पैशाने, आणि ते आल्याशिवाय किल्ली नाही. हेल्मेट ऑनलाइन मागवत होता, मी दुकानात नेलं. घालून मान हलवायला लावली. डोकं हललं आणि हेल्मेट जागेवर राहिलं, म्हणजे मोठं. एक साइज कमी घेतलं, गाल दाबले गेले म्हणून कुरकुर. महिन्यात स्पंज बसला. ग्लोव्हजचं मात्र त्याला पटत नव्हतं, पुण्यात उन्हाळ्यात कोण घालतं म्हणे. भुगाव रोडला पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर घसरला तेव्हा दोन्ही तळवे आधी टेकले. ग्लोव्हज फाटले. तळवे नाहीत. ते फाटके ग्लोव्हज मी ठेवलेत कपाटात.

एकदा त्याच्यामागे बसले मी. सीट आहे की माळा? धरायला काही नाही, साडीचा पदर हातात गोळा करून डेक्कनपर्यंत देवाचं नाव. येताना रिक्षा.

शिट्टी झाली

पाच_फूट_एक
माळा :))))

पेठेतला_पेइंग_गेस्ट
कोणाला पावसाळी पँट चांगली कुठे मिळते माहीत आहे का? गेल्या वर्षी घेतलेली बरोबर सीटच्या शिवणीतून गळते. ऑफिसला पोचलो की सगळे विचित्र बघतात.

मिसळ_बिनरस्सा
@पेइंग गेस्ट, नाना पेठेत जा, स्पेअर पार्टवाल्यांच्या मागच्या गल्लीत. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली बघून घे. नसेल तर ती पँट नाही, चाळणी आहे. सोबत आमच्यासाठी चेन स्प्रे आण.

घाटवेडा
सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी, कारण पहिली गाडी पडणार आहेच, मग नवी कशाला पाडा. मी आत्तापर्यंत मित्रांसाठी नऊ गाड्या बघितल्यात. गाडीचा रंग बघू नका. बसायच्या आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि खाली चेसिसला जिथे हँडल अडतं तो स्टॉपर बघा. तिथे चेपलेलं किंवा नवा रंग दिसला तर गाडी जोरात आपटली आहे, मालक काही सांगो. मग लिव्हरची टोकं, फूटरेस्टची टोकं, सायलेन्सरचं टोक. तिन्ही एकाच बाजूला घासलेली असतील तर नुसती उभ्याउभ्या आडवी झाली असेल, चालतं. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर बोट फिरवा, तेलकट लागलं तर सील गेलंय. आणि इंजिन गार असताना चालू करायला सांगा. "मी आत्ताच गरम करून ठेवली" म्हणणारा काहीतरी लपवतोय.

कागदांत आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी, पैसे नंतर. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दोन्हीवर सही समोर घ्या. एकाने मला सह्या केलेले कोरे फॉर्म दिले होते, सही आरसीवरच्या माणसाची नव्हतीच. चहा पिऊन निघून आलो.

येझदीआजोबा
सासरेबुवा काय म्हणाले ते विचारलंत. गाडी उचलली, पेट्रोल गळत होतं तो कॉक बंद केला, आणि म्हणाले, "स्वतःची आहे की मागून आणलीय?" मी म्हटलं स्वतःची. मग आत बोलावलं. नंतर कळलं त्यांची स्वतःची जावा होती तरुणपणी, विकली होती मुलीच्या शिक्षणासाठी. म्हणजे आमच्या हिच्याच.

आई_आहे_मी
आजोबा, काय सुंदर लिहिलंत. आमटी करपवलीत माझी.

चाकणची_शिफ्ट
शिफ्ट सुटली. ओंकार काय ठरलं?

ओंकार_नवा
पप्पांना धागा दाखवला. पप्पा म्हणाले ३९० कॅन्सल. धागा दाखवायला नको होता :( पण रविवारी २०० ची टेस्ट राइड आहे. स्टँड काढून सरळ बसून बघणार. घाटवेडा दादा सोबत येता का, एक सेकंडहँड पण आहे वारज्याला

घाटवेडा
येतो. सकाळी सातला, इंजिन गार असताना. मालकाला आधी सांगू नकोस किती वाजता येणार ते. मिसळ तुझ्याकडे.

मिसळ_बिनरस्सा
माझं नाव कोणी घेतलं

कोथरूडकरीण
सगळ्यांना धन्यवाद, दिवसभर मीटिंगमध्ये चोरून वाचत होते. आत्ता खाली जाऊन आले. शेजाऱ्याची गाडी उलटी लावलेली, तोंड बाहेर, मागचं चाक भिंतीला. म्हणजे आता मागे ओढायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं हुशार आहेस. तर म्हणाला, "काकू, वॉचमननी लावून दिली."

उजव्या बाजूचा इंडिकेटर सेलोटेपने बांधलेला होता. मी विचारलं नाही.

पाच_फूट_एक
नळ स्टॉप?

कोथरूडकरीण
करिश्मा चौक म्हणे. पिढी बदलली.