जनावरांची डॉक्टर व्हायचं तर सुरुवात कुठून?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, गाईगुरांची फार ओढ. नीटची परीक्षा द्यावीच लागते का?

उत्तर १: हो ताई, द्यावीच लागते. बी.व्ही.एस्सी. म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के हवेत. घोळ होतो तो अर्जात. एमबीबीएसचा फॉर्म भरला की झालं, असं वाटतं; पण नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरायचा असतो. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांची नोंदणी आणखी निराळी. परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर इथे कॉलेजं आहेत.

उत्तर २: जनावरांत वावरायचं तर रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा: ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी. कुत्रा चावायची वाट बघू नका.

आणि तिला आत्तापासून गोठ्यात जाऊ द्या. गाईच्या डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरायची. दोन मिनिटांत कोठीपोटाने (चारा साठवणाऱ्या मोठ्या पोटाने) मुठीला दोन-तीनदा बाहेर ढकलायला हवं. तसं झालं नाही तर पचन मंदावलंय. उभं राहायचं खांद्याकडे, मागच्या पायाच्या टप्प्यात नाही. गाय बाजूलाही लाथ झाडते.

प्रश्नकर्ती: वेगळ्या अर्जाचं माहीतच नव्हतं. आभारी आहे.