मालगुजारी वाड्यातल्या रायफलशेजारी ठेवायला कागदी काडतूस कसं करावं?

वाचनालय_पवनी

नमस्कार मंडळी. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या अलीकडे. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन करतोय. मामा (माजी मालगुजारी) तलावाचे जुने नकाशे, धानाची मापं, असं बरंच जमलंय. मालगुजारांच्या वाड्यातून एक रायफलही मिळाली आहे. नळीला भोक पाडून ती निकामी केलेली आहे, तसे कागद मालकांकडे आहेत आणि पोलीस ठाण्यात कळवूनही झालंय.

रायफल मागून भरायची आहे, पण घोड्याखाली ठासणीच्या बंदुकीसारखी टोपी बसवायची बोंडी आहे. मागच्या अंगाला, दस्त्याच्या मानेवर एक लांब पट्टी आहे, ती शेपटीसारखी वर उचलली की नळीचं मागचं तोंड उघडतं. नळीवर वेस्टली रिचर्ड्स एवढंच वाचता येतं. कुणी म्हणालं हिला कागदी काडतूस लागे, कुणी बाराबोरच्या (छर्ऱ्याच्या बंदुकीच्या) काडतुसाचं रिकामं टोपण आणून दिलं. ते शेजारी ठेवलं तर चालेल का? नाहीतर नकली कागदी काडतूस घरी करता येईल का? पतंगी कागद आहे, गावात सुतार आहे.

अकोल्याचा_गोपाल

भाऊ, बाराबोरचं टोपण ठेवू नोका. एखादा जाणता आला तं तिथंच हासन. अन् हे कागदी काडतूस म्हंजे मंगल पांडेच्या वेळचंच होय का, दातानं तोडाव लागे ते? तसं असन तं फलकावर लिवा, लोक थांबून वाचतीन.

बंदूक_मिस्त्री

अमरावतीत बंदूक दुरुस्तीच्या दुकानात माझी हयात गेली. बहुतेक काम शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकांचं, रानडुकरं हाकलायला परवान्यावर घेतलेल्या. तुमच्या रायफलीला इंग्रज लोक ‘माकडशेपटी’च म्हणत. वेस्टली रिचर्ड्स बर्मिंगहॅमचे, पेटंट 1858 चं. 1861 पासून तिची आखूड आवृत्ती ब्रिटिश घोडदळात होती. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांची ती आवडती झाली, 1881 च्या इंग्रजांविरुद्धच्या लढाईत त्यांनी ही वापरली.

गोपालभाऊ, दातानं तोडायचं काडतूस वेगळं. ते 1853 च्या एनफिल्डचं, आणि एनफिल्ड तोंडाकडून भरायची. कागद तोडायचा, दारू नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. तोडायला दात लागत म्हणून चरबीचा वाद पेटला. माकडशेपटीत काडतूस न तोडता अख्खं मागून सारायचं आणि शेपटी खाली दाबायची. फलकावर 1857 लिहाल तर पोरं चुकीचं शिकून जातील.

आता काडतुसाबद्दल. लोक कागद पाहून गोळीकडे बघतात, पण खरी गंमत मागच्या टोकाला आहे. मागून भरायच्या बंदुकीची सगळी अडचण एकच: दारू पेटली की वायू मागच्या फटीतून सुटून नेमबाजाच्या तोंडावर यायचा. पितळी काडतूस फुगून ती फट स्वतःच बुजवतं, कागद कसा बुजवणार? अमेरिकेतल्या शार्प्स रायफलीत खालीवर सरकणारा ठोकळा होता. त्याच्या जुन्या नमुन्यांत ठोकळा वर येताना त्याची धार काडतुसाचं शेपूट कापायची, म्हणजे टोपीची ठिणगी थेट दारूला भिडे. पण गळती राहायचीच, ठोकळ्याला वेगळी चकती बसवून ती कमी करावी लागली. वेस्टली रिचर्ड्सनी काडतुसाच्याच बुडाशी चरबी लावलेली जाड फेल्टची (दाबून केलेल्या लोकरी कापडाची) चकती बसवली. बार झाला की ती दाबली जाऊन फट बुजवते. नंतर ती नळीतच मागे पडून राहते, पुढचं काडतूस भरलं की नव्या गोळीपुढे ढकलली जाते आणि जाता जाता नळीतली काजळी पुसून नेते. एवढी हुशारीची गोष्ट तुमच्या नमुन्यात दिसलीच पाहिजे. ती नसेल तर नुसती कागदाची पुंगळी ठेवण्यात अर्थ नाही.

करायची रीत सांगतो. बोर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, .450 इंच, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. सुताराकडून त्या जाडीचा सागवानी दांडा उतरवून घ्या. पुढचं टोक गोळीसारखं गोल करून कानसेनं गुळगुळीत करा, म्हणजे वेगळी गोळी लागत नाही. त्या टोकावर मऊ शिसपेन्सिल आडवी धरून घासा आणि सुती चिंधीनं चोळा. शिशाची ती निळसर करडी झाक अशी येते की रंगानं कधी येणार नाही. शिसं वितळवायच्या भानगडीत पडू नका.

पतंगी कागद पांढराच घ्या. दांड्यावर दोन वेढे, कडेला खळीचं बारीक बोट. खळ शिजवताना पुस्तक बांधणारे घालतात तसा चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर झुरळं महिनाभरात कागद फस्त करतील. मोरचूद विषारी असतो, ते भांडं पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका. आत रवा भरतात काही जण, पण पावसाळ्यात अळ्या होतात. आत दांडाच राहू द्या.

फेल्ट पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे मिळेल, तुमच्याकडे भजनी मंडळं आहेत म्हणजे तोही असणारच. दोनतीन थर चिकटवून चकती कापा, मेणात बुडवून काढा, बुडाशी लावा आणि तिच्यावरून कागद दुमडून घ्या. एक नमुना असाच पूर्ण ठेवा. दुसऱ्याचा कागद बाजूनं उभा कापून आतली चकती उघडी दाखवा.

वाचनालय_पवनी

काका, फार उपयोगी. एक शंका. टोपीची ठिणगी अख्ख्या कागदातून आत कशी जायची?

बंदूक_मिस्त्री

कागद पातळ आणि ठिणगी जोरदार. टोपीत पाऱ्याचा फुलमिनेट, म्हणजे घोडा आपटताच पेटणारा पदार्थ, असायचा, त्याची ज्योत बोंडीतून आत येऊन कागद भेदायची. कित्येक काडतुसांचा कागद सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला असे, तो लगेच आणि पुरता जळतो. साधा कागद धुमसत राहतो, आणि आत धुमसता तुकडा असताना पुढचं काडतूस सारणं म्हणजे संकटच. ओल हा दुसरा वैरी. 1866 पासून ब्रिटिशांनी जुन्या एनफिल्डना मागून उघडणारं स्नायडरचं झाकण बसवायला घेतलं आणि धातूच्या बुडाची काडतुसं आणली, तिथून कागद मागे पडत गेला.

उमरेड_नाका

काका, खरं दारूचं एखादं करून शेतात वाजवून पाहिलं तर? रायफल नाही, नुसतं काडतूस.

बंदूक_मिस्त्री

नाही. काडतूस बनवायलाही 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि स्फोटकांच्या परवान्याचं मुख्य कार्यालय तर तुमच्या नागपुरातच आहे. लपून राहील असं समजू नका. यावर मी जास्त लिहिणार नाही.

पवनीवाले, काडतुसाशेजारी ठळक अक्षरांत ‘लाकडी नमुना, आत दारू नाही’ अशी चिठ्ठी लावा. कुणी खिशात घालून नेलंच, तर बसच्या तपासणीत अडकायला नको. आणि काचेचं झाकण असू द्या, ती शेपटी वरखाली करायला प्रत्येकाचा हात शिवशिवतो.

अकोल्याचा_गोपाल

फोटो टाका भाऊ, प्रदर्शन झाल्यावर. पेटीवाल्याकडं फेल्ट भेटते हे मले आजच समजलं.