फोर्टिस २०१८ : भागधारकांचे बंड की फंडांची घाई?

मुलुंडकर : ‘जुनाजाणता’ यांनी काल लिहिले की, दोन परदेशी फंडांनी हावेपोटी फोर्टिस या रुग्णालय कंपनीचे संचालक मंडळ मोडले आणि मुंजाल-बर्मन (हीरोचे मुंजाल आणि डाबरचे बर्मन) यांच्याकडे जाणारी रुग्णालये मलेशियाच्या आयएचएच या रुग्णालय कंपनीच्या हाती गेली. हे वाचून गप्प राहवत नाही. ज्युपिटर आणि ईस्ट ब्रिज या दोन फंडांकडे मिळून सुमारे १२ टक्केच समभाग होते. त्यांनी ज्यांना हटवण्याची मागणी केली, त्या चारपैकी तीन संचालकांनी भागधारकांच्या सभेआधीच राजीनामे दिले आणि २२ मे रोजी चौथे संचालक ब्रायन टेम्पेस्ट यांना हटवण्याच्या बाजूने सुमारे ८८ टक्के मते पडली. ती सगळी मते फंडांच्या हावेची होती का? शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने पुढे फोर्टिसमधून बाहेर गेलेले ४०३ कोटी रुपये व्याजासह वसूल करण्याचा आदेश दिला. ते पैसे ज्यांच्या कारकिर्दीत फोर्टिसचे प्रवर्तक सिंग बंधू यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे गेले, त्यांनीच खरेदीदार निवडावा, हे भागधारकांनी का मान्य करावे?

जुनाजाणता : बहुमत मिळाले म्हणून निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. मुंजाल-बर्मन समभागाला १६७ ते १७६ रुपये दराने १,८०० कोटी घालायला तयार होते आणि मंडळाने ५ विरुद्ध ३ मतांनी तो प्रस्ताव स्वीकारलाही होता. कर्जबाजारी रुग्णालयाला पैसा आज लागतो. माझा भाऊ एका दुसऱ्या रुग्णालयाला शस्त्रक्रियेचे साहित्य पुरवत असे. तिथे मालकांचे भांडण पेटले, त्याची बिले अडकली आणि अखेर त्याने पुरवठा थांबवला. त्याची झळ रुग्णांना बसली, फंडांना नव्हे.

मुलुंडकर : भावाचे दुःख खरे आहे, पण थांबल्यामुळे काय मिळाले तेही पाहा. आयएचएचने १७० रुपये दराने ४,००० कोटी आणले, म्हणजे दुपटीहून अधिक. आमचे मुलुंडचे रुग्णालय २००९ मध्ये वोक्हार्टकडून फोर्टिसकडे गेले, तेव्हाही मालक बदलला आणि रुग्णालय चालू राहिले.

किरकोळ भागधारक : ४,००० कोटी कंपनीला मिळाले, आम्हाला काय मिळाले? आमच्यासारख्यांचे २६ टक्के समभाग १७० रुपयांनी विकत घेण्याच्या आयएचएचच्या खुल्या प्रस्तावाला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्थगिती दिली, कारण दाइची सान्क्यो या जपानी औषध कंपनीला सिंग बंधूंकडून सुमारे ३,५०० कोटी वसूल करायचे होते. देणे प्रवर्तकांचे आणि ताटकळले छोटे भागधारक, याबद्दल तुम्ही दोघेही अवाक्षर काढत नाही.

मुलुंडकर : भाव नंतर १७०च्या कितीतरी वर गेला. ज्यांनी समभाग ठेवले, त्यांचे नुकसान कुठे झाले?

किरकोळ भागधारक : हे बोलणे संतापजनक आहे. २०१९-२० मध्ये भाव १७०च्या खाली होता आणि ज्यांना मुलीच्या लग्नासाठी किंवा उपचारासाठी तेव्हाच विकावे लागले, त्यांना पुढची तेजी काय कामाची? निवड भागधारकाची असायला हवी होती, ती काढून घेतली गेली.

जुनाजाणता : नेमके हेच मी म्हणत होतो. संचालक हटवणाऱ्यांनी दाइचीचा धोका आधी तोलायला हवा होता.

मुलुंडकर : तो धोका मुंजाल-बर्मन यांच्या डोक्यावरही असताच, त्यामुळे तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. मात्र ज्यांना कमी भावात विकावे लागले, त्यांचे नुकसान मी नाकारत नाही. ‘नुकसान कुठे झाले’ हे शब्द मागे घेतो. टेम्पेस्ट यांना हटवणे योग्यच होते, हे मत कायम आहे.